विसरलेली तांबी

वेल्ह्याकडच्या एका वाडीतील पासष्टीच्या आजी आठ वर्षे रक्तदाबासाठी भोरला माझ्याकडे येत होत्या. पाळी जाऊन पंधरा वर्षे झाली असता त्यांच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागले. ‘या वयात सुनेला काय सांगायचं?’ म्हणून दोन महिने त्यांनी ते लपवले. सोनोग्राफीत दिसली ती धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर बसवलेली तांबी. ती केव्हा काढायची, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते.

आता प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका तांबी बसवतात. साधन चांगलेच आहे. परंतु त्याला ५ किंवा १० वर्षांची मुदत असते. पाळी जाऊन वर्ष झाले की तांबी काढून घ्यावी.

पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्तस्राव झाला, तरी तपासणी हवीच. त्यामागे कर्करोगही असू शकतो. सुदैवाने आजींच्या तपासणीत तसे काही निघाले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तांबी काढली.

आपल्या आईला, सासूबाईंना आजच मायेने विचारा, ‘तांबी बसवली होती का? काढली का?’ आणि सुनेने बसवली असेल, तर ती तारीख घरात लिहून ठेवा.