मांगराचे जोते

गोमंतकात देवळांची वास्तुकला पुष्कळांनी वर्णिली आणि जुन्या वाड्यांच्या राजांगणांचेही कौतुक झाले. परंतु शेताच्या कडेला नारळ, गवत, नांगर-जू आणि पावसात अडकलेला माणूस यांना आसरा देणारा मांगर उपेक्षितच राहिला. वडिलोपार्जित जमिनीत घर बांधण्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा आम्ही त्यालाच गुरू केले.

पहिला वाद जागेचा झाला. रस्त्यालगतच्या शेतात भराव घालावा, म्हणजे मोटार दारापर्यंत येईल, असे धाकट्या बंधूंचे मत. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर 2023 सालच्या कायद्याने गोव्यात निर्बंध आले आहेत. परंतु येथे विक्रीचा प्रश्नच नव्हता. आम्ही वकिली बाजूला ठेवून बंधूंना पडक्या मांगराचे जोते दाखविले. पूर्वजांनी तो सखल शेत सोडून, मोरडाच्याही वर, जांभ्याच्या उंचवट्यावर बांधला होता. जेथे दाणा पिकतो ती भूमी निवाऱ्याने अडवू नये, हा त्यांचा अलिखित कायदा. त्याच जोत्यावर घर घ्यावयाचे ठरले.

बाकीचे त्याच न्यायाने झाले. भिंती चिऱ्यांच्या, चुन्यात बसविलेल्या. चिरा सच्छिद्र, त्याने शोषलेला ओलावा चुना बाहेर पडू देतो, सिमेंटचा गिलावा कोंडून धरतो. छप्पर उतरते आणि कौलारू. 1865 साली बाझल मिशनने मंगळुरास कारखाना काढल्यानंतर जी कौले या किनाऱ्यावर रुळली तीच, मोडलेल्या घरांवरून उतरविलेली आम्ही मिळविली. येथे पाऊस आडवा झोडपतो, म्हणून वळचण दोन हात पुढे काढली. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस आणि छपराखालची जागा 100 चौरस मीटर, म्हणजे तीन लाख लिटर पाणी! ते पन्हळीने विहिरीशेजारच्या खड्ड्यात नेऊन जिरविले.

बंधू अद्याप मोटार रस्त्यावर ठेवून बांधावरून चालत येतात आणि चिखलाबद्दल आम्हांस बोल लावतात. परंतु यंदा त्या शेतात भात पोसवले, तेव्हा नव्याची कणसे देवळात नेण्याचा मान त्यांनी आमच्याकडून मागून घेतला.