नदी एक, औषधाचे भाव दोन

डेट्रॉईट शहरात नदीकाठी उभे राहिले की समोर विंडसर दिसते. अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा. गंमत अशी की इथे कॅनडा उत्तरेला नसून दक्षिणेला आहे! नदी किलोमीटरभरही रुंद नाही. १९२९ साली खुला झालेला अॅम्बॅसेडर पूल दोन्ही काठ जोडतो आणि नदीखालून बोगदाही जातो.

सुट्टीत खालाजाद बहिणीकडे गेले होते. कॅनडाचा व्हिसा नसल्याने मी पलीकडे गेले नाही. बहीण म्हणाली, “बाजी, लोक तिकडे फिरायला जातात, तसे इन्सुलिन आणायलाही जात.” जुलै २०१९ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स मधुमेहाच्या रुग्णांना बसने विंडसरच्या औषध दुकानात घेऊन गेले होते.

कारण साधे होते. रँड संस्थेने २०१८ च्या किमती तपासल्या, तेव्हा इन्सुलिनच्या एका कुपीची सरासरी किंमत अमेरिकेत सुमारे ९९ डॉलर, तर कॅनडात १२ डॉलर निघाली. इन्सुलिन पुरवून वापरताना अमेरिकेत काहींनी जीव गमावला.

हा फरक धोरणाचा आहे. कॅनडात १९८७ पासून एक मंडळ पेटंट असलेल्या औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवते आणि इतर देशांतील भावांशी तुलना करते. अमेरिकेत कंपनी भाव ठरवते, मग विमा कंपन्या आणि मधले दलाल सवलतींचा सौदा करतात. विमा नसलेला माणूस या सौद्यात कुठेच नसतो. सरकारी मेडिकेअर योजनेला तर औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करण्यास २००३ च्या कायद्याने मनाई होती. ती २०२२ च्या कायद्याने काही औषधांपुरती उठली. २०२३ पासून मेडिकेअरच्या रुग्णांना योजनेतल्या प्रत्येक प्रकारच्या इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत. त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांनी भाव उतरवण्याची घोषणाही केली.

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरोंटोत लागला. बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी आणि त्यांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला देऊन टाकले. औषध सर्वांच्या आवाक्यात राहावे, ही त्यांची इच्छा होती.

आपल्याकडे १९९७ पासून राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण आवश्यक औषधांच्या कमाल किमती ठरवते. तरीही एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या भावात मोठे अंतर असू शकते. म्हणून भगिनींनो, घरात कुणाला मधुमेह वा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव विचारा. जवळच्या जनऔषधी केंद्रात ते मिळते का, पाहा. त्यासाठी नदी ओलांडावी लागत नाही.