वारा खेळता ठेवा

मोठे खेळ चालवणारा संगणक जोडायचा म्हटले की सगळे विचारतात, ग्राफिक्स कार्ड कोणते? ते थंड कसे राहणार, हे फारसे कुणी विचारत नाही. आम्हा दोघा भावांना मात्र त्याचा विचार करणे भाग होते. बाबांनी पैसे दिले ते एकाच अटीवर : पाच वर्षे दुसरे कार्ड मागायचे नाही.

आमचे कार्ड आरटीएक्स ४०८०, २०२२ साली बाजारात आलेले. पूर्ण जोरात ते ३२० वॉट वीज घेते, म्हणजे छताच्या चार पंख्यांइतकी. आणि जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते. कार्डावरचे पंखे हवा गार करत नाहीत, ही उष्णता फक्त आजूबाजूच्या हवेत सोडतात. म्हणून वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात खोली दहा अंशांनी तापली, की कार्डही साधारण तेवढेच जास्त तापते. ९० अंशांच्या आसपास ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि चित्र अडखळू लागते.

आजी म्हणते, समोरासमोर खिडक्या असल्या की घरात वारा खेळतो. आम्ही तेच केले. पुढचे दोन पंखे हवा आत घेतात, मागचा एक बाहेर टाकतो. वायरी मागच्या बाजूने बांधल्या, पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. महिन्यातून एकदा वीज बंद करून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडतो.

याला खर्च थोडा, सवय मात्र हवी. शाळेच्या संगणक कक्षातही महिन्यातल्या एका शनिवारी अशी सफाई करायला आम्ही तयार आहोत. विश्वस्तांनी परवानगी द्यावी, ही विनंती.