खिशाबाहेरची क्लिप

घडीच्या चाकूला क्लिप असते ती तो खिशात उभा राहावा आणि चटकन हाती लागावा म्हणून. पण क्लिप खिशाबाहेर दिसते. दाढी राखणाऱ्या माझ्यासारख्याच्या खिशाबाहेर दिसली की ती नुसती क्लिप राहत नाही. एसटीत शेजारचा आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्या चेहऱ्याकडे. कुणी काही विचारत नाही. विचारले असते तर सांगितले असते की याने मी आंबे सोलतो, काथ्या कापतो, आणि शाळेत तो नेत नाही.

धाकट्या भावाने कुवेतहून आणलेला हा चाकू. क्लिप टायटॅनियमची, लांब, चकचकीत, आणि इतकी घट्ट की दोन पँटचे खिसे उसवले. ‘चाकू’ फारसीतून आला, ‘खिसा’ही तिकडूनच, मराठीत दोघे सुखाने नांदतात, माझ्या पँटीत मात्र त्यांचे पटेना.

टायटॅनियम वाकवायला गेले तर बरेचसे परत उसळते. त्यापेक्षा घासणे बरे. पट्टीचा ताण जाडीच्या घनावर ठरतो: जाडी सगळीकडे दहाव्या भागाने कमी केली तर ताण पाव भागाहून जास्त उतरतो. म्हणून थोडे घासायचे, क्लिप लावून बघायची, परत घासायचे. काढलेला धातू परत चढत नाही.

क्लिप सोडवून चामड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि व्हाइसमध्ये धरली. हातात धरायच्या छोट्या रोटरी टूलला पॉलिश पेपरचा गोल ड्रम लावला, वेग कमी ठेवला. हा धातू उष्णता पुढे जाऊ देत नाही; जिथे घासाल तिथेच ती साचते. दोन-तीन सेकंद टेकवायचे आणि उचलायचे. ठिणग्या पांढऱ्याशुभ्र पडतात. डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क, आणि घासलेली भुकटी साचू द्यायची नाही, कारण ती पेट घेते आणि त्या आगीवर पाणी मारायचे नसते. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवली होती. गंमत म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत याच धातूचे खनिज आहे, इल्मेनाइट.

बायको म्हणाली, “एवढा खटाटोप कशाला? चाकूच घरी ठेवा ना.”

त्याच एसटीत शेजारच्या गावचा माणूस पिशवीतून कोयत्याची मूठ बाहेर काढून बसलेला असतो. बागेत निघालाय, हे सगळ्यांना न सांगता कळते. कुणी मान वळवत नाही, आणि वळवूही नये. मला तेवढेच हवे आहे, जास्त नाही.

क्लिप आता पाऊण लांबीची आहे. कडा कानशीने गोल केल्या, चकाकी पॉलिश पेपरने मारली. एक मित्र म्हणाला, “म्हणजे तू त्या नजरेपुढे नमलास.” असेल. पण खिसेही फाटत होतेच.

शेवटी टोक मुद्दाम जरा तापू दिले, तेव्हा तिथे निळसर छटा आली. तो रंग नव्हे, ऑक्साइडचा पातळ थर. धाकट्या मुलीला तो फार आवडला. तिला तसाच पेनच्या क्लिपवर हवाय. पेनची क्लिप स्टीलची आहे, रविवारी बघू.