ओसरीवरील 'रणांगण'

सांबऱ्याच्या तळावरून विमान उठले की आमच्या देवळाच्या ओसरीवरील पोथीवाचन क्षणभर थांबते. हा तळ दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तयार झाला. म्हणूनच की काय, एका चातुर्मासात पोथी संपल्यावर आम्ही विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही लहानशी कादंबरी तेथेच वाचावयास घेतली. काही मंडळींस ते रुचले नाही. प्रेमकथा, आणि तीही देवासमोर!

बेडेकर १९०६ साली अमरावतीस जन्मले. नाटक आणि चित्रपट हाच त्यांचा व्यवसाय. चित्रविद्या शिकण्यास ते विलायतेस गेले. परतीच्या बोटीवर हिटलरच्या छळातून निसटलेले ज्यू निर्वासित त्यांस भेटले, आणि १९३९ साली 'रणांगण' प्रसिद्ध झाले. पुढे 'प्रभात'च्या 'शेजारी'चे (१९४१) लेखन त्यांनी केले; 'रामशास्त्री'च्या (१९४४) दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. राघोबादादांस तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो न्यायाधीश आमच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही. बेडेकरांच्याच लेखणीतून पाच वर्षे आधी मनाचा निश्चय न होणारा चक्रधर उतरला होता, याचे आम्हांस नवल वाटते. हेर्टेवर त्याचे प्रेम जडते. पण मुंबई येताच तो उतरतो, आणि ती पूर्वेकडे पुढे जाते. अखेर ती समुद्रात उडी घेते.

वाचन संपले. कोणी बोलेना. मग आमच्या वृद्ध आत्या म्हणाल्या, "हो रे, एवढी देवळं मुंबईत. एक ओसरी मिळाली नसती तिला?"

आम्ही परवान्याचे, सरकारी कागदांचे कारण सांगू लागलो. पण ते आमचे आम्हांसच लंगडे वाटले. आत्यांनी कागद विचारले नव्हते.

बेडेकरांच्या आत्मचरित्राचे नाव 'एक झाड आणि दोन पक्षी'. त्यास १९८५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फळ खाणारा पक्षी आणि नुसता पाहणारा पक्षी ही उपनिषदातील जोडी आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. प्रवचनात पाहणाऱ्याचा महिमा आम्ही पुष्कळ ऐकला होता. त्या बोटीवर मात्र नुसते पाहणे किती महाग पडले, हे त्या रात्री प्रथम ध्यानी आले.

ज्या गृहस्थांनी वाचनास सर्वांत मोठा आक्षेप घेतला होता, त्यांनीच दुसऱ्या दिवशी पुस्तक मागून नेले. ते अद्याप परत आलेले नाही.