बदाम पेटलाय!

दूध मंद गॅसवर ठेवलं आणि ओला कचरा टाकायला खाली उतरले. दोन मिनिटांचं काम. माघातला रविवार, सकाळचे पावणेआठ. पार्किंगमधल्या बदामाखाली आले आणि बादली हातात धरून तशीच उभी राहिले. झाड पेटलं होतं! समोरच्या इमारतीच्या टाकीमागून ऊन नुकतंच वर आलेलं, आणि ते पानांवर पडत नव्हतं, पानांतून गळत होतं. लाल, शेंदरी, मधेच हळदीसारखं पिवळं.

बावीस वर्षं मी या झाडाखाली स्कूटर लावतेय. बावीस! आणि इतकी वर्षं मामेबहिणीचे कॅनडातल्या मेपलचे फोटो बघून उसासे टाकतेय. आपल्याकडे पानगळ शरदात शोधायची नसतेच मुळी. शरदात आपण ऑक्टोबरच्या उन्हात घाम पुसत असतो. आपली पानगळ थंडी सरताना येते आणि आपण ती झाडून टाकतो.

गाउनच्या खिशातून मोबाइल काढला. पहिला फोटो फसला, झाड काळंठिक्कर आणि आकाश पांढरंफटक. मग पानावर बोट टेकवलं, ते सूर्याचं चिन्ह खाली ओढलं, आणि अहाहा! फांद्यांचे मजल्यावर मजले, देवळातल्या दीपमाळेसारखे.

एक पान उचललं. वीतभर लांब, चामड्यासारखं जाड. उन्हासमोर धरलं तर शिरा पिवळ्या, मधली जागा डाळिंबी, आणि टोकाकडे एक हिरवं बेट अजून तग धरून. किड्यानं पाडलेल्या भोकाला तपकिरी काठ, जणू कुणी बारीक कुंचल्यानं फिरवलेला. झाड पान टाकण्याआधी त्यातलं कामाचं ते परत ओढून घेतं, हरितद्रव्य मोडतं, आणि हिरव्याखाली दडलेला पिवळा उघडा पडतो, हे शाळेत शिकले होते. पण लाल? तो बराचसा नव्यानं बनतो, या शेवटच्या दिवसांतच. गळायला निघालेलं पान जाता जाता नवा रंग तयार करतं! हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

"ताई, काय हरवलं का?" झाडणाऱ्या मावशी.

"नाही ओ, हे पान बघा ना!"

"रोज दोन पोती बघते मी." त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. "आणि ते काय काढताय? तिकडं बघा, गाडी धुतलेल्या पाण्यात."

गेले. डबक्यावर ऑइलचा तवंग, मोरपंखी-जांभळा, आणि त्यात एक लाल पान पालथं पडलेलं. सकाळचा सगळ्यात चांगला फोटो मावशींचा आहे, माझा नाही.

मग काय, डोळेच सुटले. पंपरूमच्या दाराचा गंज! खाली गडद, वर केशरी, मधे जुन्या पिवळ्या रंगाचे पोपडे. वासुदेव गायतोंड्यांचं २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा एका मासिकात त्यांची चित्रं पाहून मी "यात काय आहे?" म्हणून पान उलटलं होतं. आता त्या दारापुढे उकिडवी बसून मी दहा मिनिटं बघत होते. आमचा गंज म्हणजे गायतोंडे नव्हे, मान्य. पण बघायचं कसं ते या दारानं शिकवलं. जिन्याखालची ओल काढली, मीटरच्या पेटीवरचं कोळ्याचं जाळं काढलं, पत्र्यावर पडलेली जाळीची सावली काढली. एकशे चौदा फोटो!

"अगं, दूध!" तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आवाज आला.

धावत वर गेले. घरभर धूर. हे सांडशीत पातेलं धरून सिंकपाशी उभे, चेहरा बघण्यासारखा. मी आत डोकावले. तळाला करपलेल्या दुधाची वर्तुळं, कडेला बदामी, मग विटकरी, मधोमध कोळशासारखा काळा ठिपका.

"अहो, नळ सोडू नका," मी म्हटलं, "जरा खिडकीकडे धरा."