रामोजी राहू दे, आधी मोरेवाडी बघू

आमच्या शिरोली एमआयडीसीतली पोरं वर्षातनं एकदा तरी ‘हैदराबादला जाऊन रामोजी बघायचं’ असा बेत करतात. गाडी ठरते, वर्गणी ठरते आणि शेवटी चौघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत म्हणून सगळं बारगळतं. यंदा जुळली ती एकच सुट्टी, एक मेची. त्यातही आमच्यातला एकजण कंत्राटी, त्याची सुट्टी बिनपगारी. कामगार दिनाला कामगाराचा खाडा, असो. एका दिवसात हैदराबाद होत नाही. मी म्हटलं, आपल्याच गावातले स्टुडिओ फिरू आणि रात्री नाईट लाईफ करू. सगळे फिदीफिदी हसले. “कोल्हापुरात कसलं रं नाईट लाईफ? त्यात एक मे, ड्राय डे हाय!”

तरी निघालो. दोन गाड्या, चौघं. एक मोल्डर, एक पॅटर्न करणारा, एक सीएनसीवर आणि मी क्वालिटीला. तावडे हॉटेलवरनं शहरात शिरलो आणि पहिला थांबा घेतला खरी कॉर्नरला, बाबूराव पेंटरांच्या आठवणीतल्या त्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी. रोज हजार गाड्या त्याला वळसा घालून जातात. थांबून बघणारे आम्ही चौघंच.

तिथं मी त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण शिरोलीतल्या माणसाला ते माहीत पाहिजे. बाबूराव हे पेंटर, पडदे रंगवणारे. सिनेमा काढायचा तर कॅमेरा पाहिजे, तो विकत घ्यायला परवडेना, म्हणून या गड्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तो कोल्हापुरातच बनवला. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केलं. उन्हावर चालणारा धंदा त्यांनी दिव्यांवर आणला, म्हणजे आपल्या भाषेत सेकंड शिफ्ट सुरू केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन १९२९ मध्ये इथंच ‘प्रभात’ काढली. शांतारामबापूंनी त्याआधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलं होतं. हे ऐकल्यावर आमचा सीएनसीवाला एकदम सरळ उभा राहिला. “म्हंजे आपल्यातलाच की!”

आपल्यातलाच. कोल्हापूरला ‘कलानगरी’ म्हणतात तेव्हा माझ्या डोळ्यासमोर नट येत नाहीत, मिस्त्री येतात. बिघडलेलं यंत्र उघडून बघायचं आणि तसलंच दुसरं करायचं, ही या गावाची खोड. त्याच खोडीतनं उद्यमनगर झालं, शिरोलीच्या फाउंड्र्या झाल्या आणि त्याच खोडीतनं सिनेमा झाला. ‘प्रभात’ १९३३ ला पुण्याला गेली, आज तिथं एफटीआयआय आहे. ती का गेली यावर कट्ट्यावर हवी तेवढी भांडणं होतील, मी त्यात पडत नाही.

पुढं जयप्रभा. राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूर सिनेटोन म्हणून सुरू झालेला हा स्टुडिओ नंतर भालजी पेंढारकरांकडं आला. १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या दंगलीत तो जाळला गेला. भालजींनी तो परत उभा केला आणि पुढं कितीतरी वर्षं चित्रपट काढले. २०२२ च्या फेब्रुवारीत ही जागा विकली गेल्याचं उघड झालं आणि गावातले कलाकार, तंत्रज्ञ रस्त्यावर उतरले. आम्ही बाहेरनंच बघितलं. बघण्यासारखं म्हणाल तर भिंत, झाडं आणि शांतता. मोल्डर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “जळलेलं बांधलं परत. पण एकदा प्लॉट पडलं की काय बांधणार?” रंकाळ्याकडं शालिनी स्टुडिओच्या जागेचं काय झालं ते जुन्या माणसांना विचारा, म्हणजे त्याचा प्रश्न कळेल.

दुपारी मोरेवाडीची चित्रनगरी. ओळखीचा एक लाईटवाला तिथं कामाला होता, त्याच्यामुळं आत फिरता आलं. खरं सांगायचं तर दिवसातला सगळ्यात भारी भाग हाच. ‘दख्खनचा राजा जोतिबा’ मालिकेचा सेट याच आवारात लागला होता, हे बहुतेकांना ठाऊक असेल. आमच्या पॅटर्नवाल्यानं दगडी भिंतीवर टिचकी मारली. आत पोकळ. प्लाय, वर प्लास्टर, त्यावर रंग. गडी तिथनं हलेना. सांधा कुठं लपवलाय, मागनं आधार कसा दिलाय, सगळं वाकून वाकून बघितलं. “आपण लाकडाचा पॅटर्न करतो, त्यावर साचा, साच्यात लोखंड. ह्यांचं लोखंड म्हंजे कॅमेऱ्यातलं चित्र,” म्हणाला. सिनेमाची एवढी चांगली व्याख्या मी कुठं वाचलेली नाही.

लाईटवाल्याशी चहावर बोलणं झालं. रोजावर काम, बारा-बारा तास, कधी जास्त. त्याच्या म्हणण्याप्रमाणं मोठी खाती मुंबईहून येणाऱ्या माणसांकडं, इथल्या पोरांकडं सेटिंग, सुतारकाम, स्पॉट आणि गर्दीत उभं राहायचं काम. मालिका आली की घर चालतं, संपली की परत दुसरीकडं. चित्रनगरीचं ‘फिल्म पर्यटन’ करायचं म्हणून भाषणं होतात. करा की. ‘तुझ्यात जीव रंगला’च्या वेळी वसगडेच्या वाड्यासमोर केवढी गर्दी लोटायची हे आम्ही बघितलंय. पण तिकीट काढून सेट बघणारे शंभर आणि आत हुन्नर शिकणारी दहा पोरं यात मला विचाराल तर मी दहा पोरं निवडेन. आयटीआय झालेल्या, फाउंड्रीत ब्रेक घेऊन घेऊन राबणाऱ्या पोराला कॅमेऱ्यामागचं, आवाजाचं, सेटचं काम शिकता येईल अशी सोय त्याच आवारात का नको? निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना हे एवढंच विचारा.

आता नाईट लाईफ. खासबागेत भेळ खाल्ली. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, तेव्हा आमच्यातला एकजण रात्रपाळी सोडून तिथं येऊन नुसता उभा होता. आता बांधकाम चालू आहे, ते लवकर आणि नीट व्हावं. मग गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. म्हैस समोर, धार थेट ग्लासात, वर फेस. ड्राय डेला चौघं मिशा पांढऱ्या करून बसलो. रंकाळ्यावर वारं खात बसलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. लाईटवाल्याला फोन केला, ये म्हटलं. तो म्हणाला, “अजून पॅकअप नाही, दोन सीन बाकी हायत.” सकाळी आमची फर्स्ट शिफ्ट होती, आम्ही उठलो.

जयप्रभात किंवा शालिनीत सुतार, पेंटर, लाईटवाले, गर्दीतले मावळे म्हणून काम केलेली म्हातारी माणसं पुलाची शिरोली, नागाव, टोप, वडगाव भागात कुणाच्या घरात असतील तर मला कळवा. रविवारी येऊन बसतो, त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवू. पॅटर्नवाला बरोबर येणार आहे, त्याला सांध्याबद्दल बरंच विचारायचंय.